युरोपातला हातखंबा

काशीराम हातिसकराला गाडी लागायची. ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. कोकणातल्या वळणावळणांच्या रस्त्यांवर निम्म्या जनतेला गाडी लागते, आणि उरलेली निम्मी त्यांच्याकडे बघून आजारी पडते. पण काशीरामानं एस.टी.त एकतीस वर्षं नोकरी केली होती. हलवायाला मधुमेह व्हावा तशातला हा प्रकार. रत्नागिरी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून त्यानं लाखो लोकांना गावोगाव धाडलं. स्वतः मात्र भाट्याच्या खाडीपलीकडच्या आपल्या वाडीतून रोज सायकलीनं यायचा आणि सायकलीनंच जायचा. एकदा ऑडिटच्या कामासाठी कोल्हापूरला जावं लागलं, तर आंबा घाट चढून होईपर्यंत त्यानं घाटाच्या प्रत्येक वळणावर आपली आठवण ठेवली. त्यानंतर साहेबांनी पुन्हा त्याला कुठे पाठवलं नाही.

पण डोकं! राजापूरची सकाळची गाडी लांज्याला किती मिनिटं थांबते, दापोलीच्या कृषी विद्यापीठात मुलाखतीला जायचं तर कुठली गाडी धरावी, लोट्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला पोचायचं तर वाटेत उतरावं की खेडला जाऊन मागे यावं, हे तो फळ्याकडे न बघता सांगायचा. उलट फळाच चुकला तर तो खिडकीतून ओरडून दुरुस्त करायचा. फळ्याखालच्या सूचना न वाचता खिडकीशी येणाऱ्या माणसाची मात्र तो गय करत नसे. "सूचना कोणासाठी लिहिल्यात? भिंत शोभायला?" असं तो विचारायचा, आणि पुढचा माणूस मुकाट्यानं मागे जाऊन सूचना वाचून यायचा.

प्रवासाचे त्याच्या लेखी तीन प्रकार होते. विनाथांबा, थेट, आणि गाडी बदलून. पहिले दोन एकच, असं समजणाऱ्या प्रवाशांचा त्याला मनापासून संताप यायचा. "थेट म्हणजे बूड हलवायचं नाय," तो समजावून सांगायचा. "गाडी धा ठिकाणी थांबू दे, तुमी हलू नका. ती थेट." आणि गाडी बदलणं हा तर त्याच्या मते प्रवासच नव्हे, ती शिक्षा. जागा जाते, बोचकं राहतं, पोर हरवतं. थेट गाडी असताना बदलून जाणारा माणूस पुढे आयुष्यातही फसतो, असं त्याचं ठाम मत होतं, आणि त्याला पुरावा म्हणून तो आपल्या मेव्हण्याचं उदाहरण द्यायचा.

सन चौऱ्याऐंशीत शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन काशीराम निवृत्त झाला, आणि महिन्याभरात सुकला. घरात कोणी त्याला काही विचारीना. मग तो आपणच सांगू लागला. भात सात मिनिटं उशिरा आहे. म्हैस वेळेपूर्वी आली आहे. त्याची बायको मथुरा सोसणारी बाई, पण एक दिवस तिनं पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "ह्या घराला फलाट नाय. बाहेर जाऊन बसा."

त्या गणपतीत त्याचा भाचा रामा मुंबईहून आला. रामा फोर्टमधल्या एका तिकीट एजंटाच्या हापिसात शिपाई होता. मामीला फणसाची साठं, म्हणजे फणसपोळ्या, दाबून ठेवायला उपयोगी पडेल म्हणून त्यानं हापिसातलं एक जुनं जाडजूड पुस्तक आणलं होतं. जगातल्या सगळ्या विमानांचं वेळापत्रक. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, अक्षर पंचांगाहून बारीक, आणि वजन दीड पायलीचं. काशीरामानं सहज म्हणून ते उघडलं. बाहेर आरती सुरू झाली, आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी माणूस ओटीवरून उठला नाही.

कुठून, कुठे, सुटते कधी, पोचते कधी, कुठल्या वारी, आणि शेवटच्या रकान्यात थांबे किती. शून्य, एक, दोन! विनाथांबा निराळी आणि थेट निराळी, हे जगाला ठाऊक होतं तर. काशीरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं जे तो खिडकीतून घसा फोडून सांगत आला, ते इथे कोणा परक्या माणसानं छापून ठेवलं होतं.

त्याचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण गावांची नावं आणि आकडे वाचायला तेवढं पुरत होतं. पुस्तकाच्या सुरुवातीला वीसेक पानं सूचना होत्या, त्या त्यानं उलटून टाकल्या. सूचना नवख्यांसाठी असतात. वारांच्या जागी एक ते सात आकडे होते, त्यात काय कळायचं नव्हतं? एक म्हणजे रविवार, दोन म्हणजे सोमवार. गेली चाळीस वर्षं रोज अंघोळीनंतर पंचांग वाचणाऱ्या माणसाला आठवडा कुठून सुरू होतो हे काय पुस्तकानं शिकवायचं?

तेव्हापासून रामा दर महिन्याला हापिसातून बाद झालेला अंक पाठवू लागला, आणि काशीराम पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखा ताजातवाना झाला. जगातून त्यानं फक्त युरोप घेतला. अमेरिका एकच मोठा देश, त्यात चौकशीला मजा नाही. युरोपात कसं, तालुक्याएवढे देश आणि वाडीगणिक विमानतळ. व्हिएन्नाहून लिस्बनला थेट जाता येतं का? अथेन्सहून कोपनहेगनला सकाळचं काही आहे का? संध्याकाळी दुकानाच्या बाकड्यावर मंडळी त्याला मुद्दाम काहीतरी विचारायची, आणि तो डोळे मिटून सांगायचा, "हाय. पण रोममध्ये एक थांबा घेते. तुमी उतरू नका."

हे सगळं असंच गमतीत चाललं असतं. पण पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात सगुणावहिनी दोन पत्रं घेऊन त्याच्या ओटीवर येऊन बसल्या.

सगुणावहिनी म्हणजे शेजारच्या कै. भिकाजीची बायको. भिकाजी काशीरामाचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचे दोन मुलगे, विठू आणि बाबू, दोघेही परदेशी बोटींवर कामाला. थोरला विठू सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. धाकटा बाबू बोटीवर स्वयंपाकी. भिकाजी गेला तेव्हा विठूची बोट ब्राझीलच्या वाटेवर होती. बाबू नेमका रजेवर होता, त्यानं अग्नी दिला. बापानं जाण्यापूर्वी आठ दिवस विठूची वाट बघितली, दर गाडीच्या वेळेला "आला काय?" म्हणून विचारलं, आणि बाबूनं दर वेळेला "येतोय" म्हणून सांगितलं. विठू आला तो दीड महिन्यानं. तोवर बाबूच्या मनात जे साठायचं ते साठून गेलं होतं.

ते बाहेर पडलं शिमग्यात. ग्रामदेवीची पालखी शिमग्यात घरोघर येते, आणि भिकाजीच्या अंगणात शिरताना पुढचा दांडा धरण्याचा मान त्या घरच्या पुरुषाचा. आजवर भिकाजीनं धरला. आता विठू म्हणाला, मी थोरला. बाबू म्हणाला, अग्नी मी दिला, दांडा मी धरणार, तू होतास कुठं? पालखी दारात, ढोल वाजतायत, आणि दोन भाऊ दांड्याला एकेका बाजूनं लोंबकळतायत. मानकरी रावजी गावकरांनी डोक्याला हात लावला आणि तिथल्या तिथे निकाल दिला. दोघा भावांनी एका कागदावर, एकमतानं, दोघांच्या सह्यांनी लिहून आणावं. तोपर्यंत पालखी ह्या अंगणात येणार नाही.

त्याला दोन शिमगे झाले. दोन्ही वेळा सगुणावहिनी ओटीचं ताट घेऊन बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, उभ्या राहिल्या, आणि दोन्ही वेळा पालखी रस्त्यावरून पुढच्या घरी निघून गेली. ताटातला नारळ, खण, तांदूळ जसाच्या तसा घरात परत नेताना बाईला काय झालं असेल, हे मथुरेनं कुंपणापलीकडून बघितलं होतं, आणि तिनं त्या रात्री जेवण केलं नव्हतं.

भाऊ पत्रातून काही ऐकेनात. कागद आधी विठूकडे पाठवला तर तो म्हणे, धाकट्यानं आधी सही करावी. बाबूकडे पाठवला तर तो म्हणे, ज्याला मान हवा त्यानं आधी करावी. त्या शिमग्यानंतर दोघांना एकाच वेळी रजा मिळायची नाही. एक घरी असला की दुसरा दर्यात.

"पर भावजी, हे बगा," सगुणावहिनींनी पत्रं पुढे केली. "विठूची बोट जानेवारीत सगळा महिना हांबुर्गाच्या गोदीत दुरुस्तीला हाय. आनी बाबूची मार्सेलिसला. दोगं पयल्यांदा एका मुलखात आलेत. ह्या गावापासून त्या गावापरयंत किती लांब? रत्नांग्री-राजापूर येवडं?"

मार्सेलिस हे नाव रत्नागिरीकराला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतं. काशीरामानं पुस्तकातला नकाशा काढला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "जरा जास्त."

"माज्या दोगांना एका टेबलाशी बसवायचं हाय. यंदाच्या शिमग्याला ती माज्या अंगणात आली पायजे. मी आता कितीक शिमगे बगनार? तुमी आक्क्या रत्नांग्रीला गाड्या काडून दिल्यात. माज्या पोरांना येक गाडी काडून द्या."

काशीरामानं आयुष्यात अनेक चौकश्यांना उत्तरं दिली होती. पण कोणी पदराच्या टोकाला बोट गुंडाळत विचारलेली ही पहिली. त्यानं चष्मा पुसला. "वयनी," तो म्हणाला, "थेट काडून देतंय. बदलायचं काम नाय."

पहिलं उत्तर सोपं होतं. विठूनं हांबुर्गहून मार्सेलिसला जावं. पत्र गेलं, तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मी थोरला, मी का जाऊ? बाबूला लिहिलं तर त्याचं उत्तर आधीच तयार असल्यासारखं आलं. मी बाबांपाशी होतो, आता कोणापाशी जायचं ते लोकांनी ठरवावं. काशीराम दोन्ही पत्रं वाचून चिडला नाही. खिडकीवर असे प्रवासी त्यानं पुष्कळ बघितले होते.

"दोगांनाबी अर्ध्यावर आणायला हवं," तो मथुरेला म्हणाला. "हातखंबा शोधायला हवा."

रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवा हमरस्त्याला जिथे मिळतो तो हातखंब्याचा तिठा. मुंबईकडचा, गोव्याकडचा आणि रत्नागिरीचा, असे तिघेही तिथे एकमेकांना भेटू शकतात, आणि कोणी कोणाच्या दारात गेला असं होत नाही. युरोपातही असा एक तिठा असणार, याबद्दल काशीरामाला शंका नव्हती. तो तीन दिवस शोधत बसला. पॅरिस बाद, कारण मार्सेलिस फ्रान्सातलं, म्हणजे बाबू आपल्या अंगणात आणि विठू पाहुणा. रोमला हांबुर्गहून थेट होतं, पण एक थांबा घेऊन. थोरला रागीट, थांब्यावर उतरून माघारी फिरायचा. फ्रँकफर्टला दोन्हीकडून विनाथांबा, पण विठू दोन तास आधी पोचत होता. थोरल्यानं धाकट्याची दोन तास वाट बघायची? मग कागद फाटलाच म्हणून समजा.

चौथ्या दिवशी, मथुरा भाजणी परतत असताना, ओटीवरून आरोळी आली, "झुरिक!"

हांबुर्गहून झुरिकला विमान दररोज, पोचतं अकरा दहाला. मार्सेलिसहून तीन, पाच आणि सात या वारी, पोचतं अकरा पंचवीसला. दोन्ही शून्य थांब्यांची. मधली पंधरा मिनिटं विठूला तोंड धुवायला. परतीची दोन्ही विमानं संध्याकाळी पाचच्या सुमाराला. विमानतळाच्या आतच बसायचं, बाहेर पडायचं नाही, म्हणजे देशात शिरायच्या शिक्क्यांची भानगड नाही. वार काढला पाच नंबरचा. गुरुवार, तेवीस जानेवारी. दत्ताचा वार, आणखी काय पाहिजे?

"पाच तासांत भांडाण मिटंल काय?" मथुरेनं विचारलं.

"बाकड्यावर दुसरा कोण ओळखीचा नाय. बोलून बोलून कोणाशी बोलतील?"

दोन्ही पत्रं काशीरामानं स्वतः लिहिली. मजकूर प्रेमाचा करायला गेला, पण हात सवयीनं वळला, आणि शेवटी 'प्रवाशांनी वेळेपूर्वी अर्धा तास हजर राहावे, सामानाची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी' असं होऊन बसलं. विठूचं उत्तर आलं, 'ठीक आहे.' बाबूचं आलं, 'बघतो.' सगुणावहिनींनी 'बघतो' म्हणजे हो की नाही, असं विचारलं. काशीराम म्हणाला, "थेट गाडी सोडील असा माणूस मी बगितला नाय."

बुधवारी, बावीस तारखेला, एका लग्नासाठी रामा गावी आला. काशीरामानं त्याला चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही. पुस्तक पुढ्यात ओढून झुरिकचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "हे बग. पाच. उद्या गुरुवार. आत्ता ह्या घडीला बाबू कपडे इस्त्री करत असंल."

रामानं बशी खाली ठेवली. "मामा, पाच म्हणजे शुक्रवार ना?"

"रवी येक, सोम दोन..."

"मामा, ह्यात एक म्हणजे सोमवार असतो. आमच्या हापिसात सगळ्यात पहिल्यांदा तेच शिकवतात. पुढे सूचनांमध्ये दिलंय बघा."

काशीरामानं सूचनांचं पान उघडलं. तिथे अगदी ठळक अक्षरात ते दिलं होतं. इतकं ठळक, की आंधळ्यालाही दिसावं. तो ओटीवर बसलेला होता, ओटी जागची हलत नव्हती, रस्ता सरळ होता, आणि तरीही त्याला गाडी लागली. मथुरेनं लिंबू आणलं, ते त्यानं नुसतं हातात धरलं.

मग तो उठला, सायकल काढली आणि तार ऑफिसात गेला. 'गुरुवारी विमान नाही. शुक्रवारी आहे.' दोन्ही बोटींच्या एजंटांच्या नावानं दोन तारा केल्या. कारकुनानं सांगितलं, पोचेल दोनेक दिवसांत. दोनेक दिवसांत! विठू तर उद्या सकाळी निघणार होता, आणि झुरिकला उतरून रिकाम्या बाकड्याशेजारी बसणार होता. थोरला भाऊ धाकट्याची वाट बघतोय, आणि धाकटा आलाच नाही. हे भांडण आता सात पिढ्या टिकणार, आणि पालखी तिसऱ्यांदा त्या दारावरून जाणार. आणि ते कोणी केलं? फळ्याखालच्या सूचना वाचा म्हणून लोकांवर डाफरणाऱ्यानं.

गुरुवारी दुपारी, तिकडे विठू विमानात बसत असेल त्या सुमाराला, काशीराम सगुणावहिनींच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. एकही शब्द मऊ केला नाही. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हंजे विठू तितं येकटाच बसंल," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"त्याला थंडी सोसत नाय," असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. काशीराम कुंपणाच्या कडेकडेनं घरी गेला.

पुस्तक फणसाच्या साठांवर गेलं. दुकानाच्या बाकड्यावर कोणी ओस्लोचं काही विचारलं तर काशीराम म्हणायचा, "स्टँडवर खिडकी हाय, तितं इचारा." मथुरेचा भात एकदा अर्धा तास उशिरा झाला, तरी तो काही बोलला नाही. तेव्हा मात्र ती घाबरली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. सगुणावहिनींना वाचता येत नव्हतं, आणि त्यांची पत्रं वाचायचा तो काशीरामच. त्याच्या मनात आलं, आज चष्मा हरवला तर किती बरं होईल. पण चष्मा नाकावरच होता. पाकीट फोडलं. आत एका कागदावर दोन हातांची अक्षरं होती. विठूचं मोठं, आडवं. बाबूचं बारीक, तिरकं.

विठूनं लिहिलं होतं: 'आई, मी सव्वा अकराला पोचलो. साडेअकरा झाले, बारा झाले, बाबू नाही. खिडकीवरची बाई म्हणाली, मार्सेलिसचं विमान उद्या. मला राग आला. पाच वाजता माझं विमान होतं, ते पुकारलं, मी उठलो. आणि मग बाबांची आठवण झाली. ते आठ दिवस वाट बघत होते, मी सहा तासांत उठलो. परत बसलो. विमान गेलं.'

त्याखाली बाबूचं अक्षर: 'मी आगाऊ तिकीट काढलंच नव्हतं, कारण जायचं की नाही हे सकाळपर्यंत ठरत नव्हतं. खिडकीवर गेलो तर म्हणाले, आज विमान नाही. मला बरंच वाटलं. आता माझ्यावर बोल नाही. परत फिरलो. दारापाशी आलो आणि मनात आलं, दादा तिथे येऊन बसला असेल आणि दर विमानाला उठून बघत असेल. बाबांचं ते मी बघितलंय आई, परत कोणाचं मला बघवणार नाही. मग मार्सेलिस ते पॅरिस, पॅरिस ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते झुरिक असा गेलो. दोन ठिकाणी विमान बदललं. बॅग पॅरिसलाच राहिली. साडेसातला पोचलो तर दादा बाकड्यावर बसलेला. मला बघून म्हणाला, जेवलास काय?'

इथे सगुणावहिनींनी पदर तोंडाला लावला. काशीरामानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि उलटा घातला.

पुढे पुन्हा विठू: 'ती रात्र आम्ही तिथेच काढली. शुक्रवारी काशीरामकाकांचं विमान काचेतून बघितलं. बरोब्बर अकरा पंचवीस. बाबू संध्याकाळी त्याच्या परतीच्या फेरीनं गेला. काकांनी वार मुद्दाम चुकीचा सांगितला असणार, असं आम्हा दोघांचं मत आहे. वेळेवर भेटलो असतो तर कागदावर भांडून पाचला परत गेलो असतो. काकांसारखा मुत्सद्दी माणूस गावात नाही.' आणि सोबत गावकरांच्या नावाचा वेगळा कागद, दोघांच्या सह्यांचा: एक वर्ष दांडा थोरल्याचा, एक वर्ष धाकट्याचा. यंदा दोघेही बोटीवर आहेत, तरी आमच्या वतीनं आमच्या अंगणात पुढचा दांडा काशीरामकाकांनी धरावा.

ही बातमी वाडीत फिरायला तासभर लागला. काशीरामानं दोन भाऊ कसे गुंडाळले, रत्नागिरीत बसून युरोपातली विमानं कशी हलवली, याच्या कथा दुकानावर रंगू लागल्या. "आमाला तवाच वाटलं, ह्या माणसाचा वार चुकायचा नाय," असं लोक म्हणायचे. काशीराम नुसता हसायचा. खोटं बोलत नव्हता, पण खरंही सांगत नव्हता. आणि कबूल करायला हवं की त्याला ते आवडत होतं. आयुष्यात प्रथमच कोणी त्याला मुत्सद्दी म्हटलं होतं. मथुरा एकदा म्हणाली, "लय मोठं डोकं तुमचं," आणि अशा नजरेनं बघितलं, की त्यानं ताट पुढे सारून आमटी मागितली.

शिमगा आला. ढोलताशांच्या गजरात पालखी वाडीत शिरली, नाचवत नाचवत भिकाजीच्या बेड्यापाशी आली आणि थांबली. सगुणावहिनी नवं लुगडं नेसून ताट घेऊन उभ्या होत्या. रावजी गावकरांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "काशीराम, ये. धर."

काशीराम पुढे आला. दांड्याला हात लावला. वर बघितलं तर पालखीतलं देवीचं रूपं, म्हणजे मुखवटा, हळदीकुंकवानं भरलेलं, आणि नेमकं त्याच्याकडेच बघतंय असं त्याला वाटलं. त्यानं हात मागे घेतला.

"गावकर, पयलं माजं आयका," तो म्हणाला. ढोल थांबले. "मी मुद्दाम काय केलं नाय. माजा वारच चुकला. पुस्तकात लिवलेली सूचना मी वाचली नाय. येकतीस वर्सं लोकांना वाचायला लावली आनी आपण वाचली नाय. ही पोरं माज्या हुशारीनं भेटली नाय. ती आपल्याआपण भेटली. देवीच्या दांड्याला हात लावून मी ह्या खोट्या मानाचा धनी होनार नाय."

मागून कोणीतरी हसलं, पण एकट्यालाच हसणं बरं न वाटून गप्प झालं. रावजी गावकर दाढी खाजवत विचार करू लागले. मानाच्या बाबतीत चूक झाली तर काय करायचं, याचा दाखला त्यांना आठवत नव्हता.

"भावजी," सगुणावहिनी बेड्याच्या आतून म्हणाल्या. आवाज एवढा मोठा, की ढोलवाल्यानं टिपरी खाली केली. "तुमचा वार चुकला ते त्या दिवशीच माज्या अंगणात येऊन सांगितलाव. मी कोनाला बोलले? तुमी चुकलाव म्हनून माजे झील येकमेकांसाटी बसले नि धावले. हुशारी माज्या घरात आदीच लय होती, तिचाच काय उपेग झाला? दोन वर्सं ही माज्या दारावरनं निगून गेली. आता तुमी भाषाण कसलं करताव? धरा तो दांडा, नि आत आना तिला."

काशीरामानं खांदा दिला. ढोल एकदम सुरू झाले, पालखी वळली, बेडं ओलांडून अंगणात आली. सगुणावहिनींनी ओटी भरायला ताट पुढे केलं, आणि ते रिकामं होईपर्यंत मथुरेनं खालून धरून ठेवलं.